जंतूंचा पितृपक्ष

आमच्या लॅबचे काशीरामकाका म्हणजे डोक्याला ताप! मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला आणि अंधेरीच्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं शिपाई. काचेच्या नळ्या त्यांच्याइतक्या लख्ख कोणी धूत नाही, कबूल. पण जंतूंशी गप्पा मारतं का कोणी? इनक्युबेटर उघडून हे विचारतात, "जेवलात काय रे?"

माझे जंतू आर्सेनिकला दाद न देणारे. विष आत शिरलं की पेशीबाहेर फेकून देतात. ही ताकद देणारी जनुकं कुठे आहेत, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. मोठ्या गुणसूत्रावर, की पेशीत सुट्या फिरणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर? मला वाटायचं, कड्यावरच. माझे गाईड सुबोध सर म्हणाले, "वाटून काय होतंय? दिवाळीपर्यंत पुरावा आण, नाहीतर पीएचडी विसर." पाच वर्षं घातली होती यार मी!

नेमका सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. काकांना बजावलं, रोज थोडे जंतू ताज्या रश्शात घाला आणि वर आर्सेनिकचे थेंब टाका. जंतूंच्या या पातळ खाण्याला आम्ही ब्रॉथ म्हणतो, काका रस्सा म्हणतात.

बरी होऊन आले, जंतूंना आर्सेनिक दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर जवळजवळ सगळे मेलेले. वाट लागली!

"काका, थेंब टाकत होतात ना?"

"पितृपक्षात?" काका माझ्यावरच डाफरले. "गो चेडवा, कोण खयच्या रूपात जेवूक येयत, सांगाक येता काय? कावळ्याक वाढतव, गायीक वाढतव आणि हेंकाच वीख?"

बोंबलावं की रडावं कळेना. रडलेच.

मग चिडून त्या जंतूंचा डीएनए तपासला. गुणसूत्र जागेवर, कडं गायब! विषच नाही म्हटल्यावर त्या आळशांनी पिढ्यान्‌पिढ्या ते ओझं टाकून दिलं होतं. कडं गेलं, तशी ताकदही गेली. हाच तर पुरावा! मी काकांना मिठीच मारली.

"झकास! कसं केलंस?" सरांनी विचारलं.

"पितृपक्ष पाळला, सर."

सर म्हणाले, "तीन नळ्यांत पुन्हा करून दाखव."

फ्रीझरमधले मूळ जंतू काढले. पंधरा दिवस काकांनी त्यांना मायेने नुसता रस्सा वाढला. सोळाव्या दिवशी मी आर्सेनिकची बाटली पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतले.

"माझ्या हातचा जेवले ते. तूच घाल."

माझी पीएचडी त्या थेंबांवर होती. मी घातले. पाच वर्षांत पहिल्यांदाच वाईट वाटलं.