सातचे तीन

दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं मदतनीस असलेल्या बाईंना सगळे पेशंट ताई म्हणत. घाबरलेल्या माणसाला गोडीगुलाबीनं खुर्चीत बसवावं ते ताईंनीच. डॉक्टरांनी किडलेला दात कोरायला नवं अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं होतं. ते ड्रिलसारखं गरगरत नाही, त्याचं टोक नुसतं थरथरतं. भुलीच्या इंजेक्शनशिवायही भागेल, असं डॉक्टरांना वाटे. खात्री करायची म्हणून त्यांनी तक्ते छापून घेतले. काम झालं की ताईंनी विचारायचं, शून्य ते दहात किती दुखलं, आणि आकडा लिहायचा.

पहिल्याच आठवड्यात एका शिक्षिकेनं सात सांगितले. डॉक्टरांचा चेहरा पडला आणि दुपारचा डबा तसाच परत गेला. ताईंचा जीव कळवळला. पुढचा सात आला तेव्हा त्यांनी तीन लिहिले. मग सहाचे दोन झाले. एकदा जिभेला चव लागली की हात थांबत नाही, तसं झालं.

एक निवृत्त बसचालक काका होते, धिप्पाड, बोलायला मोकळेढाकळे. त्यांनी आठ सांगितले, ताईंनी तीन लिहिले. महिन्याभरानं ते दुसऱ्या दातासाठी आले, तेव्हा डॉक्टर हात धूत होते. काकांनी आवाज खाली आणला.

"ताई, मागच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, सगळ्यांनाच असं दुखतं का? ते म्हणाले, नाही, बाकीच्यांना दोन-तीनच. मीच भित्रा निघालो. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आज काही झालं तरी दोनच लिहा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईंना झालं. आपण नुसते आकडे फिरवले असं त्या समजत होत्या.

यंत्र सुरू झालं. काकांनी खुर्चीचे हात गच्च धरले, मोज्यातली पायाची बोटं आवळली. डॉक्टरांनी दुखतंय का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले. ताईंनी लाळ ओढणारी नळी त्यांच्या तोंडातून बाजूला घेतली.

"डॉक्टर, थांबा. त्यांना दुखतंय. बऱ्याच जणांना दुखत होतं. आकडे मी बदलले."

डॉक्टरांचा पाय पेडलवरून उठला. किती जणांचे, एवढंच त्यांनी विचारलं. पंधरा-सोळा, असं ताई कशाबशा म्हणाल्या. ते रागावले नाहीत. भुलीचं इंजेक्शन भरता भरता त्यांनी काकांची माफी मागितली. ती खरं तर ताईंनी मागायची होती, पण त्या नळीच पुसत राहिल्या. काका अर्धवट बधिर तोंडानं म्हणाले, म्हणजे मी भित्रा नाही तर, आणि हसले. त्या हसण्यानं ताईंची मान आणखीच खाली गेली.

जुने तक्ते सगळे रद्द झाले. आता पेशंटना आकडा डॉक्टर स्वतः विचारतात आणि स्वतःच लिहितात. ताईंना त्यांनी काढलं नाही, पण पेनही पुन्हा हातात दिलं नाही, आणि ताईंनी ते मागितलंही नाही.