नऊ पिंपं पाणी

"टाकी गेली," सून म्हणाली. "पाण्याची. ड्रोन पडलं तिच्यावर. माणसं ठीक आहेत, पण पाणी सगळं वाळूत गेलं."

सकाळचे साडेआठ झाले होते. अमेरिकेत, शुगर लँडच्या घरात मी पोळ्या लाटत होते. माझा मुलगा तेव्हा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटातल्या तेलाच्या विहिरींवर होता. देश कुठला ते लिहीत नाही, त्याच्या कंपनीला आवडणार नाही. युद्ध सुरू होऊन तिसरा आठवडा चालला होता. बाकीच्यांना विमानाने बाहेर काढलं होतं. पण विहिरी वाऱ्यावर सोडून येता येत नाहीत. आतला दाब कुणीतरी बघत राहावं लागतं. म्हणून एकेचाळीस जण मागे राहिले, त्यात पहाऱ्याचे बारा शिपाई. सगळ्यांचा प्रमुख माझा मुलगा.

सून त्याच कंपनीत आहे. पीठ, टायर, डिझेल, औषधं, पाणी, जे काही त्या तळावर जातं ते तिच्या यादीतून जातं. घरूनच काम करते, जेवणाच्या टेबलावर दोन स्क्रीन मांडून. आम्ही जेवतो ते ओट्याशी.

"किती उरलंय?" मी विचारलं.

"बाटल्या आहेत. दोन दिवस पुरतील. रस्ता बंद आहे, आई. पाणी पोचायला सहा-सात दिवस तरी लागतील, तेही जमलं तर."

एवढा हिशोब मला येतो. दोन दिवसांचं पाणी आणि सात दिवसांची वाट. तिथल्या उन्हात माणूस त्या मधल्या दिवसांत मरतो.

नंतर कळलं की विहिरींभोवती वाळूच्या पोत्यांची भिंत होती, जनरेटरभोवती होती, रेडिओच्या खोलीभोवतीही होती. टाकी मात्र उघडी, उंच, पांढरीफेक. तेल राखायचं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. शिकलेली माणसं.

मी चौथी शिकले. लग्नानंतर नवऱ्याबरोबर धरणाच्या कामावर गेले आणि तिथे साठ मजुरांची खानावळ चालवली, अकरा वर्षं. पाणी टँकरचं. म्हणून मी गॅस बंद केला आणि सुनेला विचारलं, "आचाऱ्याला विचारलंस का?"

"आचाऱ्याला काय विचारायचं? साठा सगळा सिस्टिममध्ये आहे."

"सिस्टिममध्ये तो सांगतो तेवढाच आहे. प्रत्येक आचारी लपवून ठेवतो. मी गूळ लपवायचे, पीठ लपवायचे, पाण्याची दोन पिंपं सरपणामागे ठेवायचे. मुकादमाला कधी पत्ता लागला नाही. एकदा चार दिवस टँकर आला नाही तेव्हा त्याच पाण्यावर साठ जण जेवले."

"आमच्याकडे असं चालत नाही, आई. शिल्लक दिसली की पुढच्या ऑर्डरमधून आपोआप कापली जाते."

"म्हणूनच लपवतो," मी म्हटलं. "तू कापतेस म्हणून."

तिला राग आला. तिचे कान लाल होतात. पण बाई हुशार आहे, रागातसुद्धा फोन लावते. तळावर सॅटेलाइट फोन एकच होता, डिझेल पुरवायचं म्हणून जनरेटर थोडाच वेळ चालवायचे, आणि चार्जिंग जपायला दिवसाला पाच मिनिटं ठरली होती. तिने मुलाला सांगितलं, आचाऱ्याला दे. आचारी दापोलीकडचा, पन्नाशीचा. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "मॅडम, लिस्टमध्ये आहे तेवढंच."

मी फोन हातातून घेतला.

"मी साहेबांची आई बोलते. पाणी किती लपवलंयस?"

"नाही हो मावशी. लपवणार कुठे?"

"मी साठ माणसांची खानावळ चालवली आहे. मला शिकवू नकोस."

तो आवाज बारीक करून म्हणाला, "मावशी, साहेब शेजारीच उभे आहेत."

"त्याला बाहेर जायला सांग. म्हणावं, आईने सांगितलंय."

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मुलाचा आवाज आला, "आई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "बाहेर हो." बेचाळीस वर्षांचा माणूस, चाळीस जणांचा साहेब, गेला बाहेर.

"नऊ पिंपं आहेत," आचारी म्हणाला. "शंभर-शंभर लिटरची. टँकर आला की टाकीत ओतायच्या आधी एखादं भरून घ्यायचो. पिण्याचंच आहे, मावशी. दर आठवड्याला बदलतो. साहेबांना सांगू नका, मागच्या महिन्यात वीस किलो डाळ परत पाठवली त्यांनी, जास्तीची म्हणून."

"आता सांगायलाच लागेल. नोकरी जाणार नाही, माझा शब्द."

मुलगा परत आला. "नऊ पिंपं? मी स्वतः गोदाम तपासलं होतं!"

मागून आचारी म्हणाला, "साहेब, तुम्ही पिठाच्या पोत्यांच्या पुढून तपासलंत."

माझी सून तेव्हा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. लगेच कागदावर भागाकार केला. माणशी बावीस लिटरच्या आसपास. त्यात बाटल्या. कमी होतं, पण आता मेळ बसवता येण्यासारखं होतं.

उरलेल्या दोन मिनिटांत मी सांगितलं ते असं. पाण्याला एकच हात लागेल, आचाऱ्याचा. साहेब असो की शिपाई, माप एकच. तांदूळ धुवायचे नाहीत, भाताचं पाणी वेळून टाकायचं नाही, मीठ कमी. ताटल्या वाळूने घासायच्या, कोरड्या फडक्याने पुसायच्या. दुपारी कुणी उन्हात काम करायचं नाही, विहीर थांबली तर थांबू दे. शेवटची गोष्ट मुलाला पटली नव्हती. पण ऐकलं.

शिपायांचं काय होईल याची त्याला काळजी होती. ते नमाजाआधी हातपाय धुतात. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, पाणी नसेल तेव्हा त्यांच्यात कोरडी मातीसुद्धा चालते म्हणे. त्यांनी स्वतःहूनच हातपाय धुवायला पाणी नको म्हटलं. मला ते आवडलं. देवाने एवढं समजून घ्यायलाच हवं.

इकडे आमच्या गल्लीत सगळ्या हिरवळींवर सकाळ-संध्याकाळ फवारे चालू होते. मी आमचा बंद केला. त्याने तिकडे एक थेंब जाणार नव्हता हे मला माहीत आहे. बघवत नव्हतं म्हणून बंद केला. ओळखीच्या बायका डबे घेऊन आल्या. एक काकू म्हणाल्या, "आजी, तुम्ही किती शांत आहात!" मी शांत नव्हते. मला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सुनेने मोठा टँकर काढला, पुढे-मागे फौजेच्या गाड्या देऊन. तो अर्ध्या वाटेवर हल्ला करून जाळला. ड्रायव्हर आत होता. त्याच्या घरी फोन करायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं, पण तो तिने केला. मग बाथरूममध्ये गेली, नळ मोठा सोडून बसली, तोंड धुऊन बाहेर आली आणि पुन्हा स्क्रीनसमोर बसली. मी चहा ठेवला. तिने प्यायला नाही.

"मोठी गाडी लांबून दिसते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी मोठी गाडी पाठवायलाच नको होती."

मी तिची समजूत काढली नाही. तिचं बरोबर होतं. मी विचारलं, "मग लहान काय आहे?"

ती नकाशाकडे बघत राहिली. त्या भागात कांदे-टोमॅटो वाहणारे जुने पिकअप फिरतात. तिने तसे सहा ठरवले, वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वेळी. प्रत्येकात पाण्याचे कॅन, वर ताडपत्री, त्यावर कांद्याची पोती. फौजेची गाडी एकही नाही. ऑफिसातल्या लोकांनी वाद घातला. ती इंग्रजीत काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण समोरच्याने शेवटी 'ओके' म्हटलं ते कळलं. ही अक्कल संपूर्ण तिची. माझी त्यात कांद्यापुरतीसुद्धा नाही.

सहाव्या दिवशी मुलाचा आवाज घोगरा झाला होता. शेवटचं पिंप उघडलं म्हणाला. दोन शिपायांना उन्हाचा त्रास झाला होता, त्यांना रेडिओच्या खोलीत पंख्याखाली निजवलं होतं. आचारी स्वतःच्या मापातलं त्यांना देत होता. मी म्हटलं, "त्याला सांग, आचारी पडला तर सगळे पडतील." मागून आवाज आला, "पितोय मावशी, पितोय. ओरडू नका, फोनचं चार्जिंग संपेल."

सातव्या दिवशी दुपारी, म्हणजे आमच्या सकाळी, पहिला पिकअप पोचला. दुसऱ्या दिवसापर्यंत सहाही पोचले. कांदेसुद्धा आचाऱ्याने ठेवून घेतले.

सात आठवड्यांनी रस्ता मोकळा झाला, तोवर पाणी त्याच पिकअपमधून कांद्यांखाली जात राहिलं, आणि मग त्यांच्या जागी दुसरी माणसं गेली. मुलगा घरी आला, अकरा किलो उतरलेला. पिंपं आता यादीत आहेत, आणि सुनेच्या कॉम्प्युटरला ती कापता येत नाहीत. आचाऱ्याने आणखी काही लपवलं आहे का हे मी त्याला विचारलेलं नाही.

तळावरचे एकेचाळीसही जण जगले. पिकअपचे सहा ड्रायव्हर जगले. टँकरचा ड्रायव्हर गेला.