वहिनीची अळिंबीची जागा

माझी रोझालिया वहिनी अळिंबीच्या बाबतीत महा चिक्कट. खायला द्यायला नव्हे हो, बरण्या तर अख्ख्या गावाला वाटायची. जागा सांगायला! आमच्या बेस्किदच्या डोंगरात अळिंबीची जागा कुणी सख्ख्या लेकीलाही सांगत नाही. पण वहिनीने नवऱ्यालाही, म्हणजे माझ्या वालेकदादालाही, कधी ताकास तूर लागू दिली नाही.

"अगं, मी काय ती जागा विकून खाणार आहे?" तो चिडवायचा.

"नाताळच्या आदल्या रात्री ताटात पडते ना? मग गप खा."

दादा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. त्या वर्षी वनरक्षकाने गावाला बजावलं होतं, की लागवडीतल्या स्प्रूसच्या बुंध्याशी मधाच्या रंगाच्या अळिंबीचे झुपके दिसले की समजा, मुळं कुजलीत. झाड वरून हिरवंगार दिसेल, पण वाऱ्यात आडवं होईल. दिसलं की कळवा, तोडून टाकू.

'तोडून टाकू' एवढंच वहिनीच्या डोक्यात राहिलं. तिची जागा नेमकी त्याच लागवडीत. ती जाईल या धास्तीने वहिनी पहाटेच जाऊन एकूण एक अळिंबी कापून आणायची आणि वर शेवाळ सारून ठेवायची. शेवाळ सारायची रीत तशी आम्हा सगळ्यांचीच, मागून येणाऱ्याला मागमूस लागू नये म्हणून.

दादा लागवडीच्या त्या पट्ट्यात कुजकी झाडं शोधायला गेला, तेव्हा बुंधे स्वच्छ. "तिथली झाडं धडधाकट आहेत," घरी येऊन म्हणाला. वहिनी बरण्यांना झाकणं लावत होती. तिने पुढची बरणी ओढली. मीही तिथेच बसले होते, मला मेलीला काय कळणार!

नोव्हेंबरात दक्षिणेचा सोसाट्याचा वारा सुटला. बाकीचे लाकूडतोडे लांबच्या रस्त्याने घरी गेले. दादा म्हणाला, ती झाडं मी स्वतः बघितलीत, आणि त्या पट्ट्यातून निघाला. झाड मुळासकट त्याच्यावर आलं. मुळं कसली, हातात घेतली तर ओल्या भुशासारखी चुरत होती.

दफन झाल्यावर वहिनी फाटकाशी उभी राहून भेटेल त्याला जागा सांगत सुटली. "ओढ्याच्या वर, जुन्या खाणीच्या डावीकडे. जा, घेऊन या." लोक मान खाली घालून निघून गेले. तेव्हा मला सगळं कळलं. असा राग आला होता की तिचा गळा धरावा, आणि रडूही आवरेना.

पट्टा मग तोडला. पुढच्या वर्षी वहिनीने मला तिथे नेलं. खुंटाखुंटावर अळिंबी, पाय ठेवायला जागा नाही! झाड गेलं तरी खुंटावर ती वर्षानुवर्षं येत राहते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे सांगितलं असतं तरी जागा राहिली असती गं," वहिनी म्हणाली. "आणि तोही."