मिशीवर अडकलेला फोटो

आमच्या घरात दखनी बोलतात. पण नवऱ्याशी भांडायचं असलं की मी मराठीत येते, कारण मराठीत कसा जोर लागतो. गेल्या सहा वर्षांत माझी मराठी लई सुधारलीय.

त्याला कारण माझा नवरा, आमचे नबीसाब, आणि त्यांचं मशीन. नबीसाब जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. चौतीस वर्षं मेंढ्या-शेळ्यांना लस टोचत सोलापूर जिल्हाभर फिरले. नोकरीच्या सुरुवातीला एका मेंढपाळानं कळपाकडं बोट दाखवून विचारलं, "सायब, मागच्या खेपेला ह्यातली कुटली टोचायची राहिली, सांगा बरं." ह्यांना सगळ्या सारख्याच दिसल्या. तो हसला, "शाळा शिकल्यावर डोळं जात्यात काय?"

झालं! ते मनाला लागलं ते लागलंच. ह्यांनी कॅमेरा घेतला आणि दिसेल त्या मेंढीचा फोटो काढायला लागले. तोंड, कान, पाठ. गावाचं नाव, मालकाचं नाव, साल. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. सकाळी डबा भरून घेतात, स्कूटर काढतात आणि कुठल्यातरी माळावर जाऊन मेंढ्यांसमोर उकिडवे बसतात. आजवर अकरा हजार फोटो झालेत. लोक पाहुण्यांना नातवंडं दाखवतात, हे मेंढ्या दाखवतात. आमच्या एकुलत्या एका शगुफ्ताच्या लग्नाचे फोटो चाळीस आहेत. चाळीस! अल्लाची शपथ.

मोबाईल भरला. नेटवर फुकट मिळते ती जागा पण भरली. पुढं महिन्याला पैसे भरा म्हणाले, तर हे उसळले, "मेंढ्या मी हुडकल्या, फोटो मी काढले, आणि बघायला भाडं भरू? जमणार नाही." मग शगुफ्ताचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला. दोन हार्ड डिस्क आल्या. दीड महिना हे कानात बोंडं घालून व्हिडिओ बघत बसले. मी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. आणि एक दिवस बैठकीच्या खोलीत, माझ्या शोकेसच्या शेजारी, त्याची स्थापना झाली. त्याला सर्व्हर म्हणायचं. मशीन घरी घुमत बसतं, आणि हे कुठल्याही गावात असले तरी मोबाईलवरून त्यात शिरून पाहिजे तो फोटो काढून घेतात. लाईट गेली की आमच्या घराचा नेटवरचा पत्ता बदलतो म्हणे. मग मशीन उठलं की नवा पत्ता स्वतःहून ह्यांच्या मोबाईलला कळवतं. बघा, मशीनला कळतं. नवरा तीन तीन तालुके हिंडून येतो, एक फोन करत नाही.

आमचा नेटचा प्लॅन सगळ्यात स्वस्त. घरात येणारा नळ मोठा आणि बाहेर जाणारी मोरी बारीक, असं त्याचं आहे. बाहेरून ह्यांना फोटो पाहिजे असला की तो त्या मोरीतूनच जाणार, थेंब थेंब. हे मला त्या दिवशी कळलं.

माझं आणि मशीनचं भांडण फरशीवरून. ओल्या फडक्यानं पुसायचं तर मी आधी बटण बंद करते, नेटचा डबाही त्याच बटणावर. नंतर चालू करायचं ध्यानात राहत नाही. हे येऊन ओरडतात, "रुक्साना, परत बंद केलंस?" मी म्हणते, "शॉक लागून मी गेले तर मय्यतीला काय मेंढ्या येणार आहेत?" ते बटण दाबायला वाकतात. बहुतेक मनात म्हणत असतील, येतील की.

तर मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मायाप्पांचा फोन आला. मायाप्पा माळशिरसकडचे मेंढपाळ, ह्यांचे जुने दोस्त. त्यांच्याकडं एक माडग्याळ जातीचा मेंढा होता, राघूसारख्या बाकदार नाकाचा. त्याची आई तो जन्मला त्याच आठवड्यात मेली, म्हणून मायाप्पांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. कळपाच्या पुढं छाती काढून चालायचा, कुणाकडं बघायचा नाही, म्हणून नाव ठेवलं कलेक्टर. त्या फोनच्या आठ महिने आधी वेळापूरजवळ मुक्काम असताना तो नाहीसा झाला. तेव्हापासून मायाप्पांचं जेवणात लक्ष नाही, पोरगं हरवल्यासारखे रस्त्याकडं बघत बसतात, असं त्यांची सून सोनम मला फोनवर सांगायची.

सोनमचं माहेर मंद्रूप. मायाप्पा तिच्याबरोबर तिच्या भावाच्या बाळाच्या बारशाला आले, सहज बाजारात फिरले, आणि तिथं समोर कलेक्टर उभा! दोरी होती ईरप्पा नावाच्या अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याच्या हातात. ईरप्पानं तो पाच महिन्यांपूर्वी रीतसर विकत घेतलेला. माणूस वाईट नाही, पण ठाम. म्हणाला, "मी चोर न्हाय. अंगावर तांबडे डाग असलेले मेंढे पन्नास हाईत. तुमचाच हाय ह्याचा पुरावा दाखवा, दोरी हातात देतो. न्हाईतर तासाभरानं माझा टेम्पो हलणार."

आता मेंढ्याचा पुरावा कुठून आणायचा? मायाप्पांनी नबीसाबना फोन लावला. हे चहा अर्धा टाकून स्कूटरवर बसले. सोलापूरहून मंद्रूप काय, जवळच. मी आपली फरशी पुसायला घेतली.

व्हायचं तेच झालं. थोड्या वेळानं फोन. "रुक्साना, मशीन मेलंय!"

बटण! धावत जाऊन दाबलं. मशीन घुमायला लागलं. ह्यांचा जीव वर-खाली, म्हणाले, "थांब, सोनमच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावतो, हिरवा दिवा लागला का दाखव." मी दाखवला. लागला होता. नवा पत्ता ह्यांच्या मोबाईलवर पोचला, हे आत शिरले, मायाप्पांच्या नावाच्या खणातून फोटो निघाला आणि उघडायला लागला.

कॉल काही मी बंद केला नाही. का करू? सोनमनं मोबाईल ह्यांच्याकडं धरलेला, समोर अख्खा बाजार जमलेला! पन्नासएक माणसं एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून ह्यांच्या मोबाईलमध्ये बघतायत. फोटो वरून खाली उघडत होता, पट्टी पट्टी. आधी आभाळ आलं. मग बाभळीचा शेंडा. मग मायाप्पांचा लाल पटका आला, कपाळ आलं, डोळे आले, मिशी आली.

आणि मिशीवर अडकला.

"मिशा तर त्याच्याच हायत की," कुणीतरी म्हणालं. "पर मेंढा कुटं हाय?" सगळा बाजार खो खो हसला. मीसुद्धा हसले. हसले नाहीत ते फक्त मायाप्पा. ते कलेक्टरच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि पलीकडं टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांचं तोंड बघून मी हसू आवरलं. मी म्हटलं, "अहो, काय झालं? हलेना का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हिरव्या दिव्याकडं बघितलं. आणि एकदम ओरडले, "रुक्साना! तू बंद कर ते! तुझं तोंड आणि मेंढा एकाच तारेतून येतायत!"

पन्नास माणसांसमोर! निकाहाला पस्तीस वर्षं झाली, असा अपमान कुणी केला नव्हता. पण मी उलट बोलले नाही. कॉल बंद केला, मोबाईलचं वायफाय बंद केलं, घरचा टीव्हीही बंद केला, त्याचा काय संबंध ते अल्लालाच ठाऊक. आणि मशीनसमोर ओल्या फरशीवर फतकल मारून बसले. एक बारका दिवा भराभर लुकलुकायला लागला. मला तेवढंच कळत होतं, की काहीतरी जातंय. मी त्याला म्हटलं, "जा रे बाबा, जा. त्या माणसाचं पोरगं घेऊन जा." मशीनशी बोलत होते मी! गोजाबाई शेजारून आल्या असत्या तर गल्लीभर झालं असतं.

मग दिवा शांत झाला. फोन काही येईना.

अखेर वाजला. हे होते. म्हणाले, मिशीखालून सदरा आला, हात आला, हाताखाली राघूनाक आलं. मग डावा कान आला, आणि त्या कानाच्या आतल्या कडेला कुत्र्यानं तोडलेली खाच. ईरप्पानं स्वतः मेंढ्याचा डावा कान उलटा करून बघितला. मग दोरी मायाप्पांच्या हातात दिली. मायाप्पांनी ईरप्पाला मिठी मारली आणि कलेक्टरचं पहिलं नर कोकरू त्याला द्यायचं सगळ्यांसमोर कबूल केलं.

"अल्हम्दुलिल्लाह," मी म्हटलं. "आता माझं तोंड कसं वाटतंय?"

हे हसायला लागले, आणि मध्येच मायाप्पांनी फोन ओढून घेतला. मागं मेंढा ओरडत होता. म्हातारा आधी नुसताच हुंदके देत राहिला.

"भाभी," मग म्हणाला, "आट म्हयनं रानोमाळ हुडिकला ह्याला. एक गाव सोडलं न्हाई. आन् त्यो तुमच्या घरात हुता की."

मी पदरानं तोंड पुसलं. त्या घुमणाऱ्या डब्यावर हात ठेवला, चांगला गरम लागला.

"होता की, भाऊ," मी म्हटलं. "हितंच होता. आता जपून न्या."