सोबत कोण आहे?

आधीच सांगते, मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तांदळाचे नमुने तपासते. मूठभर तांदूळ ट्रेमध्ये पसरायचा, तुटके दाणे, पिवळे दाणे, खडे वेगळे काढायचे... आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. मिलमधल्या बाया भुताच्या, चकव्याच्या गोष्टी रंगवून सांगायला लागल्या की मी डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसायची. आज मीच असलं काही लिहायला बसले म्हटल्यावर त्या मला सोडणार नाहीत.

वय तेहतीस, नंबर वजा सात. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या वाफेने चष्म्यावर धुकं धरायचं, पुसलं की वर तुसाची धूळ. शेवटी लेसर करून टाकायचं ठरवलं. वडील मी लहान असतानाच गेले, आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एकुलती, आईही एकुलती. माझं जावळ काढलं ते शेजारच्या काकांच्या मांडीवर, कारण मांडी द्यायला मामाच नव्हता. उन्हाळ्यात वर्गातल्या साऱ्या पोरी मामाच्या गावाला जायच्या आणि मी घरी. तक्रार नाही ही, पण पुढचं कळायला हे माहीत असलेलं बरं.

ऑपरेशन नागपूरला होतं. दिवस श्रावणातले. सोबत येणार होती शालू, मिलमधली माझी मैत्रीण. मी दवाखान्यात पोहोचले आणि तिचा फोन आला.

"अवं, आजच बाया भेटल्या रोवण्याले. सासू मले सोडूनच नाही राहिली. कशी येऊ, सांग?"

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धान आधी, माणूस नंतर... आमच्या जिल्ह्यात हे कोणाला समजवावं लागत नाही. मी "काही हरकत नाही" म्हटलं. हरकत होती.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला. "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग आज नाही होणार, मॅडम. ऑपरेशननंतर पेशंटला एकटं नाही सोडत आम्ही. सोबतवाला पाहिजेच."

पुढची तारीख घेता आली असती. पण पुढच्या तारखेला तरी सोबत कुठून आणणार होते? बाकावर बसून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. हातातलं काम टाकून माझ्यासाठी येईल असं एकही नाव सापडलं नाही. तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. उठून परत काउंटरवर गेले. मुलीच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर ठळक अक्षरांत 'श्रावण'.

"मामा येऊन राहिले," मी म्हटलं. "रस्त्यात आहेत."

"नाव?"

"श्रावण." आडनाव आईच्या माहेरचं ठोकून दिलं. काम झालं की 'खाली उभे आहेत' सांगून सटकायचं, असा विचार होता.

ऑपरेशन दुखत नाही. डोळा सुन्न करतात, पापण्या उघड्या अडकवून ठेवतात आणि हिरव्या दिव्याकडे पाहायला सांगतात. थोडा जळका वास येतो, तो आपलाच असतो. दोन्ही डोळे लवकर उरकले. मग मात्र तिखट गेल्यासारखी आग, आणि पाणी थांबेना. काळा चष्मा लावून मला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. आता निसटायचं कसं, या विचारात होते तोवर काउंटरवरची तीच मुलगी आली.

"चला मॅडम, तुमचे मामा आले."

आधी वाटलं, माझं खोटं पकडलं गेलं. मग वाटलं, शालूने सासऱ्यांना पाठवलं असेल. डोळे किलकिले केले तर नुसता एक पांढरा आकार, खांद्यावर दुपट्टा. चिखलाचा वास येत होता, थेट धानाच्या बांधीतून उठून आल्यासारखा.

"चाल, भासी," ते म्हणाले.

आमच्याकडे भाचीला भासी म्हणतात. तेहतीस वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

"शालूनं पाठवलं का तुम्हाले?"

"बस सुटंल, चाल." त्यांनी दुपट्ट्याचं टोक माझ्या हातात दिलं. "हे धर, अन् माह्या मागं मागं ये."

नागपूरच्या त्या गर्दीतून मी दुपट्ट्याचं टोक धरून चालले. त्यांनी हात एकदाही लावला नाही. एसटीत मला खिडकीशी बसवून स्वतः शेजारी बसले. माझे डोळे मिटलेले, म्हणून गाव आलं की तेवढं सांगायचे. "मौदा आला." मग बऱ्याच वेळाने, "नदी आली, हात जोड. पाणी दोन्ही थडी आहे." मोहाडीजवळ म्हणाले, "तिकडं आंधळगाव राहिलं. तुही माय तिथं कांड्या भरे."

आजोबा आंधळगावचे विणकर. आई लहानपणी त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची हे खरंच. शालूच्या सासऱ्यांना हे कुठून ठाऊक, असं मनात आलं. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते दुसरेच कोणी निघाले असते, आणि मला ते नको होतं.

तुमसरला माझ्या खोलीच्या दारापर्यंत ते आले. "दार लावून घे. डोळे चोळजो नोको."

"मामा, चहा घेऊन जा," मी कुलूप काढता काढता म्हटलं. वळले तर दारात नुसतं संध्याकाळचं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला शालू आली, ओशाळून. "सासरे? ते दिवसभर बांधीतच होते. मी कायले पाठवू कोणाले?" दवाखान्यात आम्ही रजिस्टर पाहायला मागितलं. श्रावण, नाते मामा, आणि खाली वाकडीतिकडी सही.

"मी त्यांना नाव नव्हतं सांगितलं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "कोणाला न्यायचं विचारलं, तर तेच म्हणाले, मी श्रावण, पोरीचा मामा."

शालूने कॅमेऱ्याचं विचारलं. ते पेशंटला दाखवत नाहीत. माझ्या पर्समध्ये एसटीचं तिकीट सापडलं, एकाच माणसाचं.

मग आठवडाभर खोलीत एकटी. वेळच्या वेळी थेंब टाकायचे, मोबाईल बंद, टीव्ही बंद. डोळे मिटून खाटेवर पडायचं आणि कान जिन्याकडे. मला भीती वाटत नव्हती. मी वाट पाहत होते, आणि हे लिहितानाही लाज वाटते. कोणी आलं नाही.

आता नंबर शून्य आहे. तांदळातला खडा हातभर लांबून दिसतो. तुम्ही म्हणाल, भला माणूस असेल, चुकून तुलाच घेऊन गेला. असेलही... पण कॅलेंडरवरून उचललेलं नाव त्याला कोणी सांगितलं? आईच्या कांड्या कोणी सांगितल्या? मला न्यायला म्हणून आयुष्यात एकदाच कोणी आलं, आणि नेमकं त्या दिवशी मला दिसत नव्हतं.

तपासणीला अजून जाते, एकटीच. सोबतच्या व्यक्तीचं नाव आता कोणी मागत नाही, तरी मी त्या रकान्यात 'श्रावण, मामा' असं लिहिते. काम झाल्यावर लगेच उठत नाही. थोडा वेळ बाकावर डोळे मिटून बसते.