आजोबांच्या नावाचं कडवं

तुम्ही सगळे ज्या गाण्यावर रील करता ना, ते आज दुपारी कार्ल्यात चुलतबहिणीच्या हळदीत डीजेवर लागलं. माझे वडील नाचणाऱ्यांतून वाट काढत डीजेवाल्याकडे गेले.

"पोरा, हे माझ्या बापाचं गाणं हाय. शेवटचं कडवं लाव की."

"काका, ह्येच ओरिजिनल हाय. तुमचं लावलं तर रिमिक्स व्हईल!"

सगळे हसले. वडीलही कसनुसे हसले. ते मला बघवलं नाही.

आजोबा गावोगावी गाणाऱ्या गायन पार्टीसाठी गाणी रचायचे. जुन्या रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे. या गाजलेल्या गाण्यात चाल त्यांचीच, शब्द त्यांचेच, फक्त तेवढं कडवं गाळलंय. व्हिडिओत गीतकाराच्या जागी लिहिलंय, 'पारंपरिक'.

परतताना वडील म्हणाले, "तू शिकलीस ना? मग लिव त्यान्ला."

घरातली पहिली पदवीधर मी. त्या व्हिडिओखाली सगळं सविस्तर लिहिलं. दहा मिनिटांत व्हिडिओवाल्यांचं उत्तर आलं, "पुरावा आहे का?"

नाव स्वतःच गाळायचं आणि पुरावा आमच्याकडे मागायचा!

मावळात कुणाच्या घरी गायन पार्टीच्या जुन्या कॅसेट पडून आहेत का? एकदा शेवटपर्यंत ऐकून बघाल?