वेलायुधमचा कान

ऊटीतला वेलायुधम मिस्त्री गाडी हातापेक्षा कानानेच दुरुस्त करी. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनवर फिरवायचं. कुठे फटीतून हवा आत ओढली जात असेल तर बारीक सूं सूं ऐकू येई. गिऱ्हाइकं त्या कानाचं कौतुक करत आणि हा फुगे. गेल्या वर्षभरात ते सूं सूं कमी कमी येत गेलं, तेव्हा मात्र त्याने कुणापाशी ब्र काढला नाही.

त्या सकाळी त्याची मुलगी कयल तान्ह्या बाळाला घेऊन नवऱ्याबरोबर सासरी निघाली होती. वाट कल्लट्टी घाटाची. जावयाची गाडी उभ्या उभ्या गुरगुरत होती. वेलायुधमने एक चिरलेली नळी बदलली, कान लावला, शांत वाटलं. थोडी गुरगुर उरली होती, ती त्याने थंडीच्या नावावर खपवली.

गाडी गेल्यावर तो घरात शेगडीजवळ शेकत बसला. तेवढ्यात बायको, पेचियम्मा, बाहेरून धावत आली आणि तिने गॅसचं बटण बंद केलं.

"अहो, वाऱ्याने शेगडी विझली, गॅस नुसता फुसफुसतोय. मला अंगणात ऐकू आलं आणि तुम्ही शेजारी मांडी घालून बसलात. कानात बोळे घातलेत का?"

वेलायुधम ताडकन उठला. इंजिनातली हवा अशीच फुसफुसते. म्हणजे सकाळी त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. उरलेली गळती ब्रेकला जोर देणाऱ्या हवेच्या नळीला असेल, तर उतारावर ब्रेक दगडासारखा घट्ट होणार, पायाने दबणारच नाही.

फोन लागेना. त्याने स्कूटर काढली आणि घाटात घातली. धुक्यात तो प्रत्येक वळणावर आधी कठडा बघे, मग रस्ता. कठडा शाबूत दिसला की पुढच्या वळणाची धास्ती. मुरुगनला काय काय नवस बोलला, त्याचं त्यालाच आठवत नाही.

एका वळणावर गाडी डोंगराला खेटून उभी होती, चाकांखाली दगड. कयल बाळाला घेऊन कडेला बसली होती.

"मामा, ब्रेक दबेचना," जावई अन्बरसन म्हणाला. "पहिल्या गिअरवर आणून कशीबशी टेकवली."

वेलायुधमने इंजिन चालू करायला लावलं. नळी कानाला लावली, काढली आणि मुलीपुढे धरली.

"तू ऐक. मला ऐकू येत नाही."

"कधीपासून, अप्पा?"

"वर्ष झालं. सांगायची भीती वाटली गं."

तिने बाळ नवऱ्याकडे दिलं, वाकून ऐकलं आणि ब्रेकच्या जाड नळीच्या टोकावर बोट ठेवलं. चीर बोटाखाली दबली तशी गुरगुर थांबली. वेलायुधमने तेवढं टोक कापलं, नळी पुन्हा चढवली, पट्टी आवळली. कयलने पुन्हा कान लावला.

"आता आवाज नाही, अप्पा."

ब्रेकही नीट लागला. तरी वेलायुधमने स्कूटर गाडीच्या पुढे घेतली.

"मामा, मागून या की. पुढे कशाला?"

"ब्रेक पुन्हा गेला तर आधी माझ्यावर येऊ द्या, जावईबापू."

"आणि हॉर्न ऐकू आला नाही तर?"

 मागच्या गाडीच्या काचेतून कयल दिसेल असा वेलायुधमने स्कूटरचा आरसा वळवला आणि सावकाश घाट उतरू लागला.